रुपलनं व्होल्टेज उतरवलं

चिंचणीत रुपलला सगळे ‘शूटिंगवाली’ म्हणत, पण तिनं कधी कॅमेरा खांद्यावर घेतलेला नव्हता. दुसऱ्यांनी काढलेली लग्नं ती कापायची आणि जोडायची. घरातली माणसं मासळीतली. वडील बोटीवर, आई जमना सुके बोंबील आणि जवळा घेऊन वाणगावच्या बाजारात बसायची. रुपल बारावीनंतर तारापूरला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. तिथे जेवणाच्या सुट्टीत ती मोबाईलवर मैत्रिणींच्या हळदीचे व्हिडिओ जोडून द्यायची. लोकांना ते आवडायला लागले, आणि एक दिवस तिनं कारखाना सोडून वाणगावच्याच बाजारात एका दुकानावरची पत्र्याची खोली घेतली. डहाणू-तलासरीकडच्या फोटोग्राफरांची लग्नं मग तिच्याकडे यायला लागली.

कॉम्प्युटर तिनं स्वतः जोडला होता. कुणाचा जुना भाग, कुठला नवा, असं करत करत. कुणाला विचारायची तिला सवय नव्हती. बटण दाबल्यावर यंत्र चाललं की ते बरोबर आहे, एवढाच तिचा हिशेब. बरीच वर्षं तो चुकला नाही.

मे महिन्यात तलासरीकडच्या एका पाड्यावरचं लग्न तिच्याकडे ठरलं. नवरी निलम. शूटिंग दिपकचं. तो वाणगावचाच, आणि त्यानं त्या हंगामात नवा कॅमेरा घेतला होता. त्याच्या आधीच्या लग्नांतलं चित्र सुरेख होतं, पण फाइली इतक्या जड की रुपलचा कॉम्प्युटर पावलापावलाला अडायचा. म्हणून तिनं त्यात रॅमच्या आणखी दोन पट्ट्या बसवल्या. पहिल्या दोन एका कंपनीच्या, या दोन दुसरीच्या. आणि मग सगळ्या मिळून त्यांचा वेग वाढवला.

याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. रॅम ही कॉम्प्युटरची हातातली जागा. काम चालू असताना सगळं तिथेच मांडलेलं असतं. तिला नेहमीपेक्षा जोरात पळवायचं तर थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं की सेटिंगची पानं उघडतात, तिथे हे आकडे बदलता येतात. रुपलनं वेग वाढवला तेव्हा व्होल्टेज १.३५ होतं. दोन दिवसांत कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. तिनं इंटरनेटवर वाचलं, कुणी म्हणालं व्होल्टेज वाढव. तिनं १.४० केलं. बंद पडणं कमी झालं. मग १.४५ केलं, आणि ते थांबलंच.

चाललं. म्हणजे बरोबर.

त्याच दिवशी दुपारी दिपक निलमच्या लग्नाची कॅमेऱ्यातली दोन मेमरी कार्डं घेऊन आला. रुपलनं दोन्ही कार्डं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि लगेच परत दिली, कारण त्याला पुढच्या लग्नांना ती लागणार होती. फाइली तिनं उघडून पाहिल्या नाहीत. आधीची दोन लग्नं हातात होती.

आठवड्याभरानं सकाळी निलमचा फोन आला. रुपलला वाटलं, फिल्म कधी मिळणार म्हणून विचारत असेल.  पण तिनं जे सांगितलं ते असं. त्यांच्या पाड्यावर लग्न लावते ती बाई, धवलेरी. लग्नाचा सगळा विधी ती गाण्यातून पार पाडते, आणि ती गाणी कुणी लिहिलेली नसतात. निलमचं लग्न जानीबायनं लावलं होतं. जानीबाय म्हणजे निलमच्या आईची थोरली बहीण. तिच्या गळ्यात बरेच महिने गाठ होती, कुणाला तिनं सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यावर वलसाडला नेलं, ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

निलम तिच्या मागे बसून गाणी शिकत होती. निम्मीही झाली नव्हती.

“रुपलताई,” ती म्हणाली, “जानीबायचं पूर्ण गाणं आता तुमच्याकडेच आहे. फिल्म नंतर करा. आधी तेवढं द्या.”

आजच देते, असं रुपल म्हणाली आणि फोन ठेवून तिनं फाइल उघडली.

भिंतीवर लग्नासाठी काढलेला पांढरा चौक, त्याच्यासमोर बसलेली जानीबाय, कडेला बायका. जानीबायनं पहिली ओळ उचलली, बायकांनी तिच्या मागून म्हटली. मग पडद्यावर हिरव्या रंगाचा एक पट्टा आडवा पसरला, आवाज फाटला, आणि पुढचे काही शब्द कचकच होऊन गेले. पुढे पुन्हा नीट. पुन्हा पट्टा.

रुपलनं फाइल बंद केली आणि परत लावली. आता पट्टा दुसऱ्याच जागी आला. जिथे मघाशी आवाज फाटला होता तिथे जानीबाय स्वच्छ गात होती, आणि जिथे स्वच्छ होतं तिथे चिंध्या झाल्या होत्या.

हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. फाइल खराब असेल तर ती एकाच जागी खराब असते. तिच्याकडे एक छोटा प्रोग्राम होता. तो पूर्ण फाइल वाचून तिचा अंकाक्षरांचा एक ठसा काढतो. फाइल तीच असेल तर ठसा तोच. तिनं ठसा काढला. पुन्हा त्याच फाइलीचा काढला. दोन्ही वेगळे आले. तिसऱ्यांदा काढला, तोही वेगळा.

 फाइल खराब आहे की नाही हे सांगणारा कॉम्प्युटरच खोटं बोलत होता. रॅम मधेच एखादा आकडा चुकीचा वाचत होती आणि बंद न पडता पुढे जात होती. त्यात चित्र काय, आवाज काय, काहीही बदललं असेल. आणि याच रॅममधून आठवड्यापूर्वी तिनं दोन्ही कार्डं उतरवली होती. डिस्कवर गेलं ते खरं गेलं की चुकीचं, हे कळायला मार्ग नव्हता.

कार्डं. तिनं दिपकला फोन लावला. संपर्काबाहेर. पुन्हा लावला. त्याच्या बायकोला, संगिताला विचारलं, तर आठवडाभर लग्न नव्हतं, पण आज तो सकाळीच रानशेतच्या लग्नाला निघून गेला होता. दिपकची पद्धत रुपलला माहीत होती. लग्न सुरू व्हायच्या आधी तो कार्ड कॅमेऱ्यात घालून आधी कोरं करून घ्यायचा, म्हणजे मधे जागा संपत नाही.

ती स्कूटर घेऊन निघाली. लग्नांची मोठी तारीख होती, रस्त्याला दोन ठिकाणी वरातींमागे टेम्पो अडकले होते. पहिल्या वरातीत ती थांबली. दुसऱ्या वेळी स्कूटर खाली शेतात उतरवून तिनं बांधावरून काढली. वाटेत ज्या ज्या वळणावर मोबाईलला रेंज दिसली तिथे तिनं फोन लावला. एकदा घंटी वाजली, पण त्यानं उचलला नाही. वाजंत्रीत ऐकूच गेली नसेल.

रानशेतला मांडव शोधायला वेळ लागला नाही. दिपक नवरदेवाच्या मागे वाकून शूटिंग करत होता. तिनं मांडवात शिरून त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर ओढलं. लोक बघायला लागले.

“निलमच्या लग्नाची कार्डं कुठे आहेत?”

“एक यात आहे,” त्यानं कॅमेरा दाखवला. “सकाळी फॉरमॅट केलं. का?”

“दुसरं?”

दुसरं त्याच्या कमरेच्या पाकिटात होतं. ते अजून तसंच होतं. रुपलनं ते घेऊन त्याच्या कडेची बारीक कळ सरकवली, म्हणजे त्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही, आणि मुठीत धरलं. कॅमेऱ्यातल्या कार्डाचा उपयोग नव्हता. नुसतं कोरं करून ठेवलं असतं तर काही निघालं असतं कदाचित, पण त्यावर सकाळपासून हे नवं लग्न चढत होतं.

दिपकचा चेहरा बदलला. “तू उतरवून घेतलंस म्हणालीस ना?”

“उतरवलं. तपासलं नाही.”

  मांडवातून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

परत येताना तिनं मनात पक्कं केलं, हे कार्ड त्या कॉम्प्युटरला लावायचं नाही. तिच्या खोलीखाली सुनिताचं दाखले आणि अर्ज भरून देण्याचं केंद्र होतं. तिथला कॉम्प्युटर जुना आणि हळू, पण कुणी त्याच्या सेटिंगला हात लावलेला नव्हता. सुनितानं काही न विचारता खुर्ची रिकामी केली. कार्ड हळूहळू उतरलं. रुपलनं ठसे काढले, पुन्हा काढले. जुळले. दुसऱ्या कार्डावरचं, म्हणजे लग्नाचा उत्तरार्ध, सुखरूप होता.

पूर्वार्ध फक्त वरच्या, तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर होता. जानीबायचं चौकापुढचं मोठं गाणं पूर्वार्धातलं.

डिस्क काढून सुनिताच्या कॉम्प्युटरला जोडावी म्हणावं, तर ती थेट मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, बसणारी चपटी डिस्क होती. तिला जुन्या कॉम्प्युटरला जागा नव्हती, आणि बाहेरून जोडायचं यंत्र वाणगावात मिळालं नाही. डहाणूच्या दुकानदारानं मागवून देतो म्हटलं. थांबता आलं असतं. पण डिस्कवर काय आहे हे कळेपर्यंत तिला जेवण जाईना. आणि खरं सांगायचं तर, आपण बिघडवलेलं आपणच नीट करायचं, हा हट्टही होता.

तिनं डिस्क आधी सोडवून बाजूला ठेवली. मग रॅमचा वेग खाली आणला. कॉम्प्युटर सुरूच होईना. पडदा काळा. पुन्हा बटण, पुन्हा काळा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून, थोडं थांबून परत बसवला, तेव्हा सगळे आकडे मूळचे होऊन तो जागा झाला. तिनं पेनड्राइव्हवरून रॅम तपासायची टेस्ट लावली. ही टेस्ट रॅमच्या प्रत्येक घरात आकडे लिहिते आणि परत वाचते. चुकलं की लाल ओळ येते.

व्होल्टेज मात्र तिनं पुन्हा १.४५ घातलं. तिला वाटत होतं, वेग कमी आणि व्होल्टेज भरपूर, म्हणजे रॅमला काम सोपं. आपण काळजी घेतोय.

सकाळी टेस्ट स्वच्छ गेली. दुपारी लाल ओळी आल्या. दुसऱ्या दिवशी तिनं एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. सकाळी लावलेल्या दोन्ही जुन्या पास झाल्या, दुपारी लावलेल्या दोन्ही नव्या नापास. नव्या पट्ट्या खराब असाव्यात म्हणून तिनं तिसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, तर आता जुन्या नापास झाल्या.  जास्त व्होल्टेजनं आपण चारही जाळून टाकल्या, असं तिच्या मनानं घेतलं. मदरबोर्डही गेला असेल. मग पूर्वार्धाच्या फाइली वाचायच्या कशावर? निलमचा रोज एक मेसेज यायचा. त्यात तगादा नसायचा. जानीबाय आज पेज प्याली, आज अंगणात बसली, एवढंच. रुपल ते वाचायची आणि उत्तर लिहून खोडायची.

जमना बाजार आटोपून वर आली तेव्हा रुपल जमिनीवर बसली होती आणि पडद्यावर टेस्ट चालली होती. आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. ती पंख्याखाली बसून पदरानं मान पुसायला लागली. पत्रा तापला होता. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिला, टेस्टही.

खोलीतली हवा बघता बघता जड झाली. आणि पडद्यावर एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग एकामागून एक, वाचता येऊ नयेत इतक्या भराभर. रुपल गुडघ्यांवर सरकत जवळ गेली. यूपीएस टीं-टीं करत होता. ती बंद करायला हात पुढे करणार, तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरायला लागला. जमनानं हुश्श केलं. लाल ओळींचा वेग उतरला, आणि काही वेळानं त्या थांबल्या.

 रुपलनं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

जळालेली वस्तू पंखा लागला म्हणून बरी होत नाही. म्हणजे पट्ट्या जळल्या नव्हत्या. त्या तापत होत्या. आणि त्यांना तापवत होतं ते तिनंच चढवलेलं व्होल्टेज. थंडीत कदाचित चाललंही असतं. वाणगावच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, कुठल्याही वेगाला ती रॅम दुपारी शुद्धीवर राहणार नव्हती. तिनं सेटिंगचं पान उघडून बोर्ड प्रत्यक्षात किती देतोय तो आकडा शोधला. तिनं १.४५ लिहिलं होतं, बोर्ड त्याहून किंचित जास्तच देत होता. हे इतके दिवस तिच्या समोर होतं. तिनं पाहिलंच नव्हतं.

पहिल्यापासूनचा दोष मात्र वेगळा होता. दोन कंपन्यांच्या चार पट्ट्या त्या वेगाला एकमेकींबरोबर चालत नव्हत्या. व्होल्टेज वाढवल्यावर कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला, म्हणून तिला वाटलं दोष गेला. तो फक्त लपला होता.

तिनं एकाच कंपनीच्या दोन पट्ट्या ठेवल्या. वेग कारखान्यातून येतो तो. व्होल्टेज १.२, तेही कारखान्याचं. डब्याची बाजू उघडी ठेवून घरचा टेबलफॅन समोर लावला. पुढची भर दुपार टेस्ट चालली. रुपल तिच्यासमोर बसून राहिली. एकही लाल ओळ आली नाही. मग तिनं टेबलफॅन बंद केला आणि तशीच बसली. तरीही आली नाही.

मग तिनं डिस्क बसवली. जानीबायच्या गाण्याची फाइल होती तिचा ठसा काढला. पुन्हा काढला. अक्षर न् अक्षर तेच. मग फाइल लावली.

जानीबाय गायला लागली. हिरवा पट्टा येत होता ती पहिली जागा गेली, स्वच्छ. दुसरी गेली. त्या दिवशी दिसलेल्या बहुतेक चिंध्या डिस्कवर नव्हत्याच, त्या वाचतानाच्या होत्या. रुपलचा श्वास मोकळा व्हायला लागला होता. पण गाण्याच्या मध्याच्या पुढे चित्र गोठलं, आवाज कचकचला आणि मग सरळ पुढच्या कडव्यावर उडी गेली. तिनं मागे घेऊन पाहिलं. त्याच जागी तेच. पुन्हा पाहिलं. तेच. हे उतरवतानाच बिघडलेलं होतं, आणि जिथून उतरवलं ते कार्ड आता रानशेतचं लग्न झालं होतं.

निलमला फोनवर सांगायला तिला धीर झाला नाही. ती सगळ्या फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर घेऊन पाड्यावर गेली. काय झालं ते तिनं पहिल्यापासून सांगितलं. वेग कसा वाढवला, व्होल्टेज का चढवलं, कार्डं न तपासता परत कशी दिली. निलम ऐकत होती. तिची आईही. बाहेर ओट्यावर जानीबाय बसली होती, गळ्याला पांढरी पट्टी, तिला सगळं ऐकू जात होतं.

“किती गेलं?” निलमनं विचारलं.

“दोन कडवी असतील. कदाचित जास्त. मला कळत नाही, मला गाणं येत नाही.”

 निलम रागावली असती तर रुपलला बरं वाटलं असतं. पण निलम उठली आणि शेजारच्या घरांतून बायकांना बोलवायला गेली.

सुकी आली, भिकी आली, आणखी एकदोघी आल्या. याच त्या दिवशी जानीबायच्या मागून म्हणणाऱ्या. रुपलनं मागून आणलेला लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि गाणं लावलं. स्वतःचा आवाज सुरू झाला तशी जानीबायनं मान फिरवली आणि भिंतीकडे बघत बसली.  गाणं तुटतं तिथे आल्यावर रुपलनं थांबवलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुकीनं एक ओळ उचलली. भिकी म्हणाली ही इथली नाही, ही पुढची. दोघींचं जुळेना. तिसरीनं वेगळंच म्हटलं. त्यांना ओळी येत होत्या, पण धवलेरीनं आधी म्हटल्यावर मागून म्हणायच्या. आधी काय आणि नंतर काय, ते एकीच्याच डोक्यात होतं.

जानीबायनं जमिनीवर हात आपटला. सगळ्या गप्प झाल्या. तिनं सुकीकडे बोट केलं. सुकीनं तीच ओळ पुन्हा म्हटली. जानीबायनं मान हलवली, हो. मग भिकीकडे बोट, आणि भिकीनं तिची ओळ म्हटल्यावर नाही म्हणून हात झटकला. भिकीनं दुसरी म्हणून पाहिली. पुन्हा नाही. तिसरी. जानीबायनं डोळे मिटले आणि हातानं ताल धरला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. निलम तिच्या तोंडासमोर येऊन बसली आणि ओठांकडे बघत हळूच शब्द उचलायला लागली. चुकला की जानीबाय तिच्या गुडघ्यावर चापट मारायची.

रुपलनं मोबाईल काढला, भिंतीला टेकून धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बराच वेळ चाललं ते. मधे मुलं आली, कोंबड्या आल्या, कुणी पाणी आणलं. शेवटी जानीबाय मागे टेकून बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. झालं.

त्या दिवशी निघण्याआधी रुपलनं ते रेकॉर्डिंग निलमच्या मोबाईलवर दिलं, दोन्ही डिस्कवर घेतलं आणि तिथेच बसून तिन्ही ठिकाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

नंतर तिनं चारही पट्ट्या पुन्हा लावल्या, पण जेवढ्या वेगाला १.३५ वर दुपारच्या उन्हात त्या चुकत नाहीत तेवढ्यावरच थांबली. काम थोडं हळू होतं. फोटोग्राफर कुरकुर करतात की ती कार्डं दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवून घेते. दिपक कुरकुर करत नाही. त्यानं आणखी दोन कार्डं घेतली.

निलमच्या लग्नाची फिल्म पाड्यावर बऱ्याच मोबाईलवर आहे. गाणं अर्ध्याच्या पुढे गेलं की चौक जातो, आणि ओट्यावर बसलेल्या बायका दिसतात. गळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी ताल धरते, नवरी साध्या साडीत तिच्यासमोर बसून गाते, दोनदा चुकते. मग पुन्हा चौक येतो. ती जागा कापून नीट करू का, असं रुपलनं विचारलं होतं. निलम नको म्हणाली.